गुहागरच्या ओटीवर मोठा टीव्ही: ५५ इंच की ६५?

पडवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईबाबांसाठी टीव्ही घ्यायचाय. गेले पंधरा दिवस जो तो वेगळं सांगतोय, म्हणून इथे विचारतेय.

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. जुनं चिऱ्याचं घर, आतून गिलावा केलेला. टीव्ही ओटीवर असतो. ओटी पूर्व-पश्चिम १४ फूट, दक्षिणोत्तर ११ फूट. टीव्ही पूर्वेच्या भिंतीला आणि बरोबर समोर पश्चिमेची मोठी खिडकी. आत्ताचा टीव्ही ३२ इंची आहे, २०११ च्या विश्वचषकाआधी बाबांनी हौसेने घेतलेला. वानखेडेवरचा धोनीचा शेवटचा षटकार त्यांनी त्याच्यावरच पाहिला. आता त्यावर उभ्या रेषा येतात आणि बाबांना धावफलक वाचता येत नाही. ते उठून टीव्हीजवळ जातात, धावा बघतात आणि परत येऊन बसतात. हे मी गणपतीत पाहिलं आणि ठरवलं की आता थांबायचं नाही.

बाबा ७६ वर्षांचे. क्रिकेट आणि बातम्या. आई ७१, संध्याकाळच्या मालिका आणि यूट्यूबवरची कीर्तनं. तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. छत्री डीटीएचची, शिवाय मागच्या वर्षी फायबरचं नेट आलंय.

बजेट ७० हजार. चुलतभाऊ म्हणतो ६५ इंचीच घे, नाहीतर पस्तावशील. भाऊ म्हणतो आकार लहान चालेल, पण ओलेड घे. मला स्वतःला ५५ पुरेसा वाटतो. काय करू?

मोजपट्टी

पडवी, दुकानात जाण्याआधी घरी मापं घ्या. निम्मा निर्णय तिथेच होतो.

इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटीमीटर आणि उंची ६८ भरते, ६५ इंचीची १४४ आणि ८१. अंतरासाठी मी एक सोपा आडाखा वापरतो: इंचांना ४ ने गुणा, येईल तितके सेंटीमीटर लांब बसा. ५५ साठी २२० म्हणजे सव्वासात फूट, ६५ साठी २६० म्हणजे साडेआठ फूट. एवढ्या अंतरावरून पडदा नजरेचे साधारण ३० अंश व्यापतो, मान वळवावी लागत नाही आणि चित्रही भरून दिसतं. ३२ इंचीला हेच गणित लावलं तर १२८ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम सव्वाचार फूट. बाबा किती लांब बसतात?

आणि एक करून बघा. वर्तमानपत्राची पानं चिकटवून दोन्ही मापांचे कागद तयार करा आणि भिंतीवर लावा. माझ्या टीव्हीवर सामन्याच्या पट्टीतली अक्षरं मोजली तर ती पडद्याच्या उंचीच्या साधारण तिसाव्या भागाएवढी निघाली. म्हणजे ५५ वर २.३ सेंटीमीटर, ६५ वर २.७, आणि तुमच्या जुन्या ३२ वर १.३. तेवढ्या उंचीची अक्षरं जाड पेनाने त्या कागदांच्या खालच्या कडेला लिहा. बाबांना त्यांच्या जागी बसवा आणि वाचायला सांगा. माझ्या आडाख्यापेक्षा त्यांचे डोळे जास्त खरं सांगतील.

हापूस

मी उलट बाजूने सांगतो. आम्ही चार वर्षांपूर्वी ६५ इंची घेतला आणि पहिले सहा महिने घरात नाराजी होती, कारण डीटीएचचा बॉक्स जुना होता. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ५७६ ओळींचं असतं. फोरके पडद्याला २१६० ओळी. मधल्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो. ३२ इंचीवर ते खपून जातं, ६५ वर चेहरे मेणाचे दिसतात. पडवी, घरी बॉक्स एचडी आहे का? आणि एचडी वाहिन्यांचा पॅक घेतलाय का? बॉक्स एचडी असूनही पॅक साधाच, अशी घरं मी कितीतरी पाहिलीत.

बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल तर एचडी बॉक्सचाही उपयोग नाही. एचडीएमआय वायरच हवी.

मोजपट्टी

हापूस यांना अनुमोदन. आकड्यांतच सांगायचं तर निरोगी डोळ्याला ५५ इंची पडद्यावर फुल एचडी (१०८० ओळी) आणि फोरके यांतला फरक सव्वासात फुटांच्या आत बसलं तरच कळतो, ६५ वर साडेआठ फुटांच्या आत. त्यामुळे फोरकेचा बाऊ नको. या आकारात आता बहुतेक टीव्ही फोरकेच मिळतात. पण एसडी आणि एचडी यांतला फरक दहा-बारा फुटांवरूनही कळतो. महिन्याला एचडी पॅकचे चार पैसे जास्त द्या, ते पॅनेलवर घातलेल्या पाच हजारांपेक्षा जास्त कामी येतील.

पडवी

बॉक्स एसडीच आहे, आजच बाबांकडून फोटो मागवून बघितला. पिवळी-लाल-पांढरी वायर! म्हणजे इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

शनिवारी जातेय घरी, कागद लावते.

दुकानमागे

कोल्हापुरात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अठरा वर्षं काढली. गिऱ्हाइकाच्या मनात जे गोंधळ असतात ते एकदाच सविस्तर लिहितो.

पाटीवर एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी असं काहीही लिहिलेलं असो, ही सगळी एलसीडीचीच भावंडं. पुढे एलसीडीचा पडदा, मागून उजेड. क्यूएलईडीत मागच्या निळ्या उजेडासमोर क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने रंग जास्त गडद आणि शुद्ध येतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, ते भागाभागाने मंद करता येतात, त्यामुळे काळा भाग काळा राहतो. ओलेडची जात वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

पण पडवी ताई, तुमच्या भावाला सांगा की या घरी ओलेड नको. समोर पश्चिमेची खिडकी आहे, दुपारच्या उजेडात त्याची मजा जाते. बाबा बातम्या बघतात. खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह दिवसाचे पाच-सहा तास एकाच जागी राहिलं तर ओलेडवर काही वर्षांनी त्याचा डाग कायमचा उमटायची भीती असते. नव्या टीव्हीत त्यावर उपाय दिलेत, तरी रोज तासन् तास बातम्या चालणाऱ्या घराला मी ओलेड कधी सुचवला नाही. आणि ७० हजारांत मोठा ओलेड बसतही नाही.

एलसीडीच्या पडद्यात दोन मुख्य जाती, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिलं की चित्र फिकं पडतं. आयपीएस बाजूनेही सारखं दिसतं, अंधारात मात्र काळा रंग राखाडी वाटतो. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांतही वेगळा पडदा निघतो, त्यामुळे ५५ इंची बघून ६५ इंची मागवू नका. जो आकार घ्यायचा तोच चालू करून घ्या आणि समोरून बाजूला सरकत जा, मग खाली बसूनही बघा. माणसांच्या चेहऱ्याचा रंग धुतल्यासारखा झाला की समजा व्हीए.

दुकानात टीव्ही सगळ्यात भडक सेटिंगवर ठेवलेला असतो आणि त्यावर कंपनीचीच चित्रफीत चालू असते. मोरपिसं, समुद्र, फळं. ते बंद करायला सांगा, सेटिंग साध्यावर आणायला सांगा आणि मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा. क्रिकेटसाठी हिरवं मैदान दाखवणारं काहीही लावा. कॅमेरा मैदानावरून सरकताना हिरव्यात उभे मळकट पट्टे दिसतात का ते बघा. दिसले तर तो टीव्ही क्रिकेटवाल्या घरात नेऊ नका. अंधाऱ्या सिनेमात हा दोष लपतो, मैदानावर लपत नाही.

एचडीआर, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवायची सोय, याचं नाव ऐकून जास्त पैसे देऊ नका. बजेटमधल्या टीव्हीत पडद्याची चमक २५०-३०० निट्सच्या आसपास असते. तेवढ्यात एचडीआर चालतं, पण उठून दिसत नाही.

वऱ्हाडी

दुकानमागे दादांनी छान सांगितलं. क्रिकेटच्या अंगाने थोडी भर. १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा, म्हणून बराच भाव लावतात. आपल्याकडे डीटीएचवरून येणारं चित्र सेकंदाला ५० च्या हिशोबाने येतं, त्याला ६० हर्ट्झचा पडदा पुरतो. १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ हे गेम खेळणाऱ्यांसाठी. ते पैसे वाचवा.

नवीन टीव्हीत चेंडूची धाव गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, प्रत्येक कंपनीत त्याचं नाव वेगळं. सामन्याला ते थोडं चालू ठेवलं तर बरं वाटतं. सिनेमाला पूर्ण बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, मधली चित्रं टीव्हीने बनवली की तो घरगुती व्हिडिओसारखा दिसतो.

आणि किमतींबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुमच्या चुलतभावाने किंवा कुणी त्याआधीच्या किमती सांगितल्या असतील तर त्या धरू नका, आजचा भाव नव्याने विचारा.

न्यूजर्सीकर

पडवी, मी डिसेंबरमध्ये येतोय. इथे मोठे टीव्ही स्वस्त मिळतात. घेऊन येऊ का, असं लिहिणारच होतो, पण मीच एकदा फसलोय. २०१३ च्या ऑगस्टपासून फ्लॅट टीव्ही परदेशातून आणलेल्या सामानाच्या करमाफीतून काढलेत, त्यामुळे मला विमानतळावर चांगला कर भरावा लागला. वर इथली वॉरंटी तिथे चालली नाही. आमच्या पुण्याच्या घरी तो टीव्ही बिघडला तेव्हा दुरुस्तीला कुणी हातच लावेना. गावातून ज्याचा माणूस येईल तोच टीव्ही घ्या.

पडवी

घरी जाऊन आले. कागदांनी बरंच काही उलगडलं, म्हणून सगळं लिहिते.

बाबांची आरामखुर्ची टीव्हीपासून साडेआठ फूट. जुन्या मापाची १.३ सेंटीमीटरची अक्षरं त्यांना दिसलीच नाहीत. ५५ च्या कागदावरची त्यांनी चष्मा नीट करून, थोडं पुढे वाकून वाचली. ६५ ची त्यांनी खुर्चीत टेकून वाचली. मी काही बोलले नाही, फक्त बघत होते. वाकणं आणि टेकणं यांतच मला उत्तर मिळालं.

पण आई! आई कुठे बसते हे मी इतकी वर्षं कधी बघितलंच नव्हतं. खुर्ची, झोपाळा सगळं असताना ती जमिनीवर बसते, माजघराच्या दाराशी, भिंतीला टेकून. तिथून तिला चुलीवरचं दिसतं. भाजी निवडते, लसूण सोलते आणि मालिका बघते. पूर्वेच्या भिंतीपासून ती जागा साडेपाच फुटांवर आणि चांगलीच उजवीकडे. तिला ६५ चा कागद फार मोठा वाटला. 'मान दुखेल गं', म्हणाली. शिवाय एवढ्या तिरक्यातून.

आता एकाला ६५ हवा आणि दुसरीला ५५ सुद्धा जवळ पडतो.

निवृत्त वायरमन

ताई, टीव्हीच्या आधी भिंत बदलून बघा. माजघराचं दार दक्षिणेच्या भिंतीत आहे ना? मग टीव्ही उत्तरेच्या भिंतीला न्या. खोली त्या बाजूने ११ फूट. बाबांची खुर्ची दक्षिणेच्या भिंतीजवळ सरकवली तर साडेआठ-नऊ फूट मिळतात आणि आई जिथे बसते तिथेच बसून तिला टीव्ही समोर येतो. पश्चिमेची खिडकीही बाजूला जाते. आत्ता समोरची खिडकी पडद्यात आरशासारखी दिसत असणार.

भिंतीबद्दल नीट वाचा. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात तीस वर्षं वायरिंग केलं. चिरा सच्छिद्र असतो. हातोड्याच्या झटक्याने छिद्र पाडलं तर आतून भुगा निघतो आणि प्लास्टिकचा गट्टू सैल बसतो. ६५ इंची टीव्ही वीस किलोच्या आसपास जातो. कंपनीचा माणूस येतो, चार गट्टू मारतो, दहा मिनिटांत निघून जातो. त्याला विटांच्या भिंतीची सवय असते. तो यायच्या आधीच तुम्ही गावातल्या सुताराकडून सागाची किंवा १८ मिलिमीटर मरीन प्लायची फळी भिंतीला लावून घ्या, टीव्ही टांगायच्या पत्र्यापेक्षा मोठी. तिला आठ लांब स्क्रू, सगळे चिऱ्याच्या पोटात, दोन चिऱ्यांच्या सांध्यात एकही नाही. ड्रिल झटका बंद ठेवून चालवायचं. मग टीव्हीचा पत्रा त्या फळीवर. वजन सगळीकडे वाटलं जातं.

फळीमुळे दुसरा फायदा असा की टीव्ही भिंतीपासून सुटा राहतो. पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते, मागे हवा खेळायला हवी.

उंची: दुकानातल्यासारखा वर टांगू नका. बाबा खुर्चीत, आई जमिनीवर. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे पाऊण मीटरच्या आसपास असतात, खुर्चीतल्याचे एक मीटरच्या आसपास. पडद्याचा मध्य जमिनीपासून एक मीटरवर घ्या. म्हणजे खालची कड दोन फुटांवर येईल. लोकांना ते फार खाली वाटतं, पण आठ दिवसांनी वर लावलेला टीव्ही बघवत नाही. पत्रा पुढे झुकणारा घ्या.

आता वीज. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की फक्त स्विच बंद करून भागत नाही. माझ्याच घरी स्विच बंद होता, तरी छत्रीच्या वायरमधून विजेचा लोट आला आणि बॉक्ससकट टीव्हीचा एचडीएमआय गेला. विजेची वायर, छत्रीची वायर आणि नेटची तांब्याची वायर असेल तर तीही, तिन्ही काढायच्या. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरपासून टीव्हीपर्यंत तांब्याची वायर ओढू नका, वायफायच ठेवा. आईबाबांना हे रोज जमायला हवं, म्हणून प्लग त्यांच्या हाताच्या उंचीवर द्या, टीव्हीच्या मागे लपवू नका. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात ते बरेचदा नावालाच असतं.

दुकानमागे

वायरमन काकांनी भिंत बदलायचं सुचवलं ते लाख मोलाचं. दुकानात आम्ही टीव्ही विकतो, घर बघत नाही.

ताई, आता ६५ कडे झुकता येईल. फक्त जमिनीवरून, खालून बघणारं माणूस घरात आहे, म्हणून पडदा आयपीएस जातीचाच बघा. झोपाळ्यावर बसणाऱ्यांनाही बरं.

नेत्रसेविका

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. पडवी, आईंच्या मोतीबिंदूबद्दल लिहिलंत म्हणून सांगावंसं वाटलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा-पांढरा रंग एकदम जास्त दिसायला लागतो. आमच्याकडे येणारे कितीतरी आजी-आजोबा म्हणतात, टीव्ही डोळ्यांत घुसतो. टीव्हीच्या चित्राचं सेटिंग 'वॉर्म' ठेवा, रात्री उजेड कमी करा आणि टीव्हीच्या मागच्या बाजूला एक मंद दिवा लावून ठेवा. पूर्ण अंधारात मोठा पडदा बघितला की डोळे लवकर थकतात. मोठा टीव्ही डोळे खराब करतो असं कुणी म्हटलं तर त्याने घाबरू नका, थकवा येतो तो उजेडाने आणि पापणी न मिटता बघत राहिल्याने.

राखाडी ढग

चित्रावर इतकं बोलणं झालं, आवाजावर एक शब्द नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली म्हणून कळकळीने लिहितेय.

पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून असतात. वडिलांना संवाद कळायचे नाहीत, ते आवाज वाढवायचे, मग पार्श्वसंगीत कान फाडायचं आणि संवाद तरी कळायचे नाहीतच. वाद व्हायचे. वर्षभराने एक साधा साउंडबार आणला आणि त्यात बोलणं स्पष्ट करणारं सेटिंग निघालं. वडील त्या रात्री निम्म्या आवाजावर बातम्या ऐकत बसले. ते वर्ष आम्ही फुकट घालवलं याचं मला अजून वाईट वाटतं. पडवी, बजेटमधले सात-आठ हजार आवाजासाठी बाजूला काढा, त्यासाठी टीव्ही थोडा साधा चालेल.

साउंडबार एचडीएमआयच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत जोडा. म्हणजे टीव्ही चालू केला की तो आपोआप चालू होतो आणि एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. तीन रिमोट सांभाळणं या वयात नको.

आणि रिमोटवरून आठवलं. स्मार्ट टीव्ही चालू केला की आधी त्याचं स्वतःचं पान येतं, त्यावर सिनेमांची चित्रं आणि जाहिराती. माझे वडील तिथेच अडकायचे आणि मला फोन करायचे. सेटिंगमध्ये 'चालू झाल्यावर शेवटचं इनपुट' असा पर्याय असेल तर तो लावा, म्हणजे टीव्ही थेट डीटीएचवर उघडतो. घेताना दुकानदाराला हे करून दाखवायला सांगा. माझ्यासाठी आता हीच पहिली अट आहे, पडदा वगैरे नंतर.

पडवी

राखाडी ढग, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. बाबाही आवाज वाढवतात आणि आई माजघरात निघून जाते. मला वाटायचं तिला सामना आवडत नाही.

हापूस

आणखी दोन गोष्टी. रॅम निदान २ जीबी बघा, नाहीतर दोन वर्षांत यूट्यूब उघडायला वेळ लागतो. आणि चिपळूणच्या दुकानातून घेणार असाल तर तिथे विचारा की दुरुस्तीचा माणूस कुठून येतो, चिपळूणहून की रत्नागिरीहून. वॉरंटी बहुतेक ठिकाणी एक वर्षाची आणि पडद्याला तडा गेला तर ती लागू होत नाही. पडदा बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या निम्म्याच्या वर जातो. म्हणून खोकं घरी उघडून, टीव्ही लावून, चित्र बघूनच पावतीवर सही. सगळ्याचा व्हिडिओ काढा. टेम्पोत खोकं उभंच ठेवायचं, आडवं टाकलं की रस्त्याच्या धक्क्यांनी पडदा जातो. काही अडलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

विजेचं बिल विचाराल म्हणून सांगतो, ६५ इंची साधारण १५० वॉट धरा. रोज सहा तास चालला तर महिन्याला २७ युनिटच्या आसपास.

पडवी

धागा वर काढतेय. टीव्ही येऊन सात आठवडे झाले.

६५ इंची घेतला, आयपीएस पडद्याचा, साधा एलईडी. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या भिंतीला आणि आमच्या माणसांना जुळला म्हणून घेतला, तुमच्याकडे दुसरा जुळेल. चिपळूणच्या दुकानात मी खरंच जमिनीवर बसून बघितला. दुकानातला मुलगा आधी गोंधळला, मग स्वतःही बसला. मैदान लावून पट्टे बघितले. पहिल्या टीव्हीत दिसले, तो नाकारला.

साउंडबारसह ६८ हजारांत बसलं. डीटीएचचा बॉक्स एचडी करून घेतला, पॅकही बदलला. आईची एक भक्तीची वाहिनी एसडीच आहे, तिचं चित्र भरडच दिसतं. त्याला इलाज नाही, आई म्हणते आवाज चांगला येतोय ना, मग झालं.

उत्तरेच्या भिंतीला सागाची फळी लावून घेतली. बसवायला आलेला माणूस मध्य दीड मीटरवर घेत होता. बाबांनी मोजपट्टी त्याच्या हातातून घेतली आणि एक मीटरवर खूण केली. वायरमन काका, तुमचा प्रतिसाद मी त्यांना छापून दिला होता.

टीव्ही चालू केला की थेट डीटीएच लागतं. 'वॉर्म' केल्यावर आईने पहिल्याच दिवशी विचारलं, काय बदललंस, डोळ्यांना बरं वाटतंय. आणि परवा भारताचा सामना होता, आई शेवटपर्यंत दाराशी बसून होती. लसूण सोलत का होईना, तिने सामना बघितला. मला ऑफिसात फोन करून सांगितलं की कोण किती धावांवर आउट झालं. बाबांना आता उठून टीव्हीजवळ जावं लागत नाही.

एकच प्रश्न. फळीच्या मागच्या फटीत बारीक मुंग्या दिसतायत. टीव्हीत शिरतील का?

निवृत्त वायरमन

शिरतात, ऊब त्यांना आवडते, आणि त्यांच्यामागून पाली येतात. टीव्हीवर किंवा त्याच्या जाळीत काहीही फवारू नका. टीव्ही बंद करून प्लग काढा, तो उतरवून फळीच्या चारही कडा आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवा. वायर जिथून आत जाते ते भोक राहूनच जातं, तेही बुजवा. मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा, बहुधा खिडकीच्या चौकटीतून असेल. लक्ष्मणरेषेचा खडू तिथे ओढा, टीव्हीजवळ नको. मी पुढच्या आठवड्यात गुहागरला येतोय, हवं तर येऊन बघून जाईन.

पडवी

या नक्की काका. बाबांना सांगून ठेवते. शुक्रवारी आलात तर आई घावणे करणार आहे.